तरुणांच्या वाटेवरील धोंडे
(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्हांस 'तरुण आणि रोजगार' हा विषय देण्यात आला आहे. हा विषय घरोघर बोलला जातो. ओट्यावर, चहाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कोठेही दोन वडीलधारी माणसे एकत्र आली की एक ठरलेले वाक्य कानी पडते: "आजकालच्या पोरांना काम नको, खुर्ची हवी." तिकडे चार तरुण एकत्र जमले की त्यांचेही वाक्य ठरलेले असते: "शिकून काय उपयोग? वशिला नसेल तर सारे व्यर्थ." पहिल्या वाक्यात अन्याय आहे आणि दुसऱ्यात निराशा आहे. या दोहोंनी आजवर एकाही मुलाला काम मिळवून दिलेले नाही. म्हणून शाळा-कॉलेज सुटल्यापासून पहिला पगार हाती पडेपर्यंतची जी वाट आहे, ती आज आपण पावलापावलाने चालून पाहू. धोंडा कोठे आहे, तो कोणी टाकला आणि कोणाच्या हातांनी तो उचलला जाईल, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम हे दुखणे केवढे आहे ते मोजून घेऊ. केंद्र सरकार दरवर्षी श्रमिकांची पाहणी करून तिचे आकडे प्रसिद्ध करते. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या पाहणीत पंधरा वर्षे व त्यांवरील सर्व वयांच्या लोकांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.२ इतके आढळले. परंतु त्याच पाहणीत १५ ते २९ या वयोगटात ते शेकडा १०.२ होते. म्हणजे बेकारीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तरुणांवर तो तिपटीहून अधिक पडतो. दुसरा आकडा याहूनही विचार करावयास लावणारा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी मिळून २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालची स्थिती अशी दिली आहे की, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी शेकडा ३.४ होती आणि पदवीधर तरुणांत शेकडा २९.१ होती. शिक्षणाची पायरी चढावी तो काम दूर जावे, असा हा विपरीत प्रकार आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावध राहिले पाहिजे. निरक्षर मुलगा सुखात आहे असे यावरून कोणी समजू नये. त्याला बेकार राहणेच परवडत नाही. सायंकाळी चूल पेटावयाची असेल तर सकाळी मिळेल ते ओझे त्याला उचलावे लागते. पदवीधराच्या घरी आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन दोन-चार वर्षांची सोय केलेली असते, म्हणून तो थांबू शकतो. शिकल्यासारखे काम मिळेल या आशेने तो थांबतो, आणि घरातील सर्वजण त्याच्याबरोबर थांबतात. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म याच थांबण्यात आहे. रोजगाराच्या वाटेवरील प्रत्येक धोंडा शेवटी तरुणाकडून एकच वस्तू हिरावून घेतो, आणि ती म्हणजे त्याचे वय. पैसा गेला तर तो पुन्हा मिळविता येतो. बावीस ते अठ्ठावीस ही सहा वर्षे एकदा हातची गेली की ती कोणतीही योजना परत देऊ शकत नाही.

आता पहिला धोंडा. तो आहे अनुभवाच्या अटीचा. जाहिरात निघते आणि तिच्यात लिहिलेले असते: 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.' तरुण विचारतो, मला कोणी कामच दिले नाही तर अनुभव आणू कोठून? हा प्रश्न विनोदाचा नाही. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी समाजावर आहे. पूर्वी हे उत्तर घरातच मिळत असे. सुताराचा मुलगा बापाच्या रंध्याखाली शिकला, विणकराचा मुलगा मागावर बसला. शहापूर, वडगाव, खासबाग या आपल्या पेठांत मागाचा खटखटाट हीच शाळा होती. आज माग चालविणाऱ्या घरातील मुलगाही मागावर बसू इच्छीत नाही, आणि त्या धंद्याची आजची मिळकत पाहता त्याला दोष देता येत नाही. घरची शाळा मोडली. तिच्या जागी उमेदवारीची व्यवस्था उभी राहावयास हवी होती. ती कागदावर उभी आहे. १९६१ साली संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. २०१९ मध्ये त्याचे नियम बदलले, त्यांनुसार तीस अथवा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या एकूण माणसांच्या शेकडा अडीच ते पंधरा इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरावयाचे असतात. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांनाही, त्यांची इच्छा असल्यास, उमेदवार घेता येतात. उमेदवाराला विद्यावेतन द्यावे लागते, आणि राष्ट्रीय योजनेखाली त्याचा काही भार सरकार उचलते.

आता हा नियम आपल्या गावाला लावून पाहू. उद्यमबागेत आणि मच्छेच्या बाजूस ओतकामाच्या फौंड्र्या आहेत, यंत्रभागांचे कारखाने आहेत, द्रवचलित यंत्रे बनविणारे उद्योग आहेत. बेळगावच्या ओतीव भागांना देशभर गिऱ्हाईक आहे. शंभर माणसे कामावर असलेल्या कारखान्याने नियमाची अगदी खालची पायरी पाळावयाची म्हटली तरी दोन-तीन मुले घ्यावी लागतात. वरची पायरी गाठली तर पंधरा. हा हिशेब प्रत्येक कारखानदाराने आपल्या मनाशी करावा. त्यांच्यापैकी अनेकजण तक्रार करतात की, कुशल माणूस मिळत नाही. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो की, कुशल माणूस काय झाडाला लागतो? तो कोणा तरी कारखान्यात अकुशल म्हणून शिरतो आणि तेथे दोन वर्षे चुका करीत करीत कुशल होऊन बाहेर पडतो. त्या दोन वर्षांचा खर्च शेजाऱ्याने सोसावा आणि तयार माणूस मात्र आपल्याला मिळावा, असे सर्वांनीच म्हटले तर सर्वांचेच कारखाने ओस पडतील.

याच ठिकाणी दुसरा धोंडा आडवा येतो. तो थोडासा आपल्या मनात आहे आणि थोडासा कारखान्याच्या फाटकात आहे. मनातला धोंडा असा की, हाताने करावयाचे काम हलके, ही समजूत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर, वेल्डर यांचे शिक्षण घेणाऱ्या मुलाचे नाव घरात खालच्या आवाजात घेतले जाते, आणि कोणत्याही विषयाची पदवी घेतलेल्या मुलाचे नाव मोठ्याने. लग्नाच्या बाजारात हा भेद आणखी तीव्र होतो. परंतु केवळ तरुणांना उपदेश करून भागणार नाही, कारण फाटकातला धोंडाही खरा आहे. फौंड्रीत साचे भरण्याचे आणि ओतीव माल घासण्याचे काम उष्णतेचे आहे, धुळीचे आहे. त्या कामावर आज दूरदूरच्या प्रांतांतून आलेली मुले दिसतात. आपला मुलगा तेथे जात नाही म्हणून त्याला आळशी ठरविण्यापूर्वी आपण त्या कामाचा पगार, कंत्राटदाराची नेमणूक, आणि श्वासाबरोबर आत जाणारी वाळूची धूळ यांचाही विचार करावा. ज्या यंत्रशाळेत धूळ ओढून घेण्याची व्यवस्था आहे, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे नियमित भरले जातात आणि पाच वर्षांनी पगार कोठवर जाईल हे मुलाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, तेथे आपली मुले टिकतात. श्रमाला प्रतिष्ठा भाषणाने येत नाही. ती वेतनचिठ्ठीने येते.

आता तिसऱ्या धोंड्याकडे वळू. तो आहे सरकारी भरतीच्या दिरंगाईचा. सरकारी नोकरीची ओढ ही दुर्बलता आहे असे आम्ही म्हणणार नाही. खाजगी नोकरीत निश्चितता नाही, म्हणून माणूस निश्चितता शोधतो. त्यात गैर काय? परंतु या शोधाची किंमत काय पडते ते पाहा. मुलगा धारवाडला किंवा पुण्याला खोली घेऊन राहतो, अभ्यासिकेचे भाडे भरतो, खानावळीचे भाडे भरतो, आणि परीक्षेची वाट पाहतो. परीक्षा होते आणि मग काय घडते? कर्नाटकात पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ जागांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये परीक्षा झाली. तिच्यातील गैरप्रकार उघडकीस आले, एप्रिल २०२२ मध्ये निवड रद्द झाली, आणि फेरपरीक्षा झाली ती जानेवारी २०२४ मध्ये. महाराष्ट्रातही २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला आणि पुढे ती परीक्षा रद्द करावी लागली. म्हणजे सीमेच्या या बाजूस एक न्याय आणि त्या बाजूस दुसरा, असे नाही. ज्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला त्याचीच दोन-अडीच वर्षे दोन्हीकडे बुडाली. २०२४ मध्ये केंद्राने सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला, ही गोष्ट चांगली झाली. तथापि चोराला शिक्षा झाली म्हणून चोरीला गेलेले वर्ष परत मिळत नाही.

सैन्यभरतीचाही उल्लेख येथे केला पाहिजे, कारण आपल्या भागाच्या काळजाला तो विषय लागून आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड या तालुक्यांतील खेड्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी मुले हे नित्याचे दृश्य होय. २०२० नंतर साथीच्या काळात भरती थांबली आणि धावणारी मुले धावतच राहिली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. साडेसतरा ते एकवीस हे वय ठरले. त्या एका वर्षापुरते ते तेवीसपर्यंत वाढविण्यात आले. जो त्यापुढे गेला त्याच्यासाठी फाटक बंद झाले. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांची नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर शेकडा पंचवीसपर्यंत जवानांना कायम करावयाचे आणि उरलेल्यांनी निधीची रक्कम घेऊन घरी परतावयाचे, असा नियम करण्यात आला. देशरक्षणाच्या दृष्टीने ही योजना कशी आहे याचा निर्णय जाणत्यांनी करावा. आम्ही एवढेच म्हणतो की, त्या रकमेबरोबर बावीस-पंचविशीचा एक शिस्तबद्ध तरुण गावात परत येईल आणि पुन्हा एकदा कामाच्या रांगेत उभा राहील. त्याच्यासाठी रांगेत जागा राखून ठेवण्याची तयारी आपण आजच करावयास हवी.

आतापर्यंत सांगितलेले धोंडे भारतातील कोणत्याही जिल्ह्यात आढळतील. चौथा धोंडा मात्र खास आपला आहे. तो भाषेचा आणि दाखल्याचा आहे. त्याविषयी बोलताना भावनेला थोडी बाजूस ठेवून कागद पाहणे इष्ट होईल.

राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवासस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला दिला आहे, आणि १९५७ च्या कायद्याने संसदेने तशा अटी काही प्रदेशांचा अपवाद वगळता रद्द केल्या. भाषेच्या संबंधात १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होत असता केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे एक निवेदन संसदेपुढे ठेवले. त्याचे सार असे की, राज्यभाषेचे ज्ञान ही भरतीची पूर्वअट असू नये. निवड झाल्यावर, उमेदवारीचा काळ संपण्यापूर्वी, त्या भाषेची परीक्षा घ्यावी. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने हेच तत्त्व पुन्हा मान्य केले. यात शहाणपण आहे. माणसाला आधी आत घ्या, मग भाषा शिकण्यास मुदत द्या. बाहेर उभा करून 'आधी पोहायला शिक, मग पाण्यात उतर' असे सांगू नका. परंतु ही आश्वासने आहेत. त्यांच्या मागे कायद्याचा दंड नाही, आणि म्हणून ती राज्याराज्यांतून विसरली गेली आहेत.

याच्या उलट प्रवाह कसा वाहतो त्याचे उदाहरण जुलै २०२४ मध्ये दिसले. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांतही व्यवस्थापनाच्या निम्म्या आणि इतर कामांच्या शेकडा सत्तर जागा स्थानिकांसाठी राखण्याचे विधेयक संमत केले. उद्योगपतींच्या विरोधामुळे ते लगोलग स्थगित ठेवण्यात आले. परंतु त्यातील 'स्थानिक' शब्दाची व्याख्या आपण ध्यानात ठेवावी. कर्नाटकात जन्म, पंधरा वर्षांचे वास्तव्य, आणि त्याबरोबर कन्नड बोलता, वाचता व लिहिता येणे. शालेय प्रमाणपत्रात कन्नड नसेल तर वेगळी चाचणी. ज्याचा आजा, पणजा याच गल्लीत वाढला तो मुलगा, त्या चाचणीत अनुत्तीर्ण झाल्यास, आपल्याच गावच्या कारखान्यात परका ठरला असता. हरियाणाने असाच पंचाहत्तर टक्क्यांचा कायदा केला होता. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. तेव्हा हा विषय बेळगावपुरता नाही. प्रत्येक राज्य आपल्या बेकारीला दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून उत्तर देऊ लागले, तर जो दोन राज्यांच्या सीमेवर राहतो त्याच्याकडे दोन्ही बोटे वळतात.

दुसऱ्या बाजूचे दार पाहू. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना आपल्या सेवेसाठी अर्ज करण्याची मुभा दिली आहे. त्यासंबंधीचा शासन निर्णय जुलै २००८ चा आहे. त्या गावांत पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातील दाखला त्यासाठी लागतो. सवलत मोलाची आहे, आणि ती ज्यांनी मिळविली त्यांचे आपण ऋणी आहोत. परंतु वास्तव्याचे पुरावे ज्या कचेऱ्यांतून गोळा करावयाचे त्या एका राज्याच्या, आणि ते ग्राह्य मानणाऱ्या कचेऱ्या दुसऱ्या राज्याच्या. जाहिरातीची मुदत पंधरा-वीस दिवसांची. दाखल्याला लागणारे दिवस कोणी मोजून सांगत नाही. म्हणून आमची प्रत्येक पालकास विनंती आहे की, मुलाची बारावी झाली की जाहिरातीची वाट न पाहता वास्तव्याचे, शाळेचे आणि जातीचे कागद एका पिशवीत जमवून ठेवा. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकच आहे की नाही ते पाहा. हा सल्ला क्षुल्लक वाटेल. परंतु एका अक्षराच्या फरकाने अर्ज फेटाळला गेला म्हणजे तो क्षुल्लक राहत नाही.

आता एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलणार आहोत, आणि ती काहींना रुचणार नाही. आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे. परीक्षेपुरते पस्तीस गुण मिळविण्याइतके नव्हे. अर्ज लिहिता यावा, नियम वाचता यावा, मुलाखतीत न अडखळता उत्तर देता यावे इतके शिकावे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकविणे आवश्यक केले आहे. म्हणजे शिकण्याचा वेळ मुलाचा जाणारच आहे, मग त्या वेळाचे चीज का होऊ नये? कोणी म्हणेल, हे आपल्या आग्रहाला सोडचिठ्ठी देणे होय. आम्हांस तसे वाटत नाही. पुण्यात आणि मुंबईत मराठी मुलगा इंग्रजी शिकतो म्हणून तो इंग्रज होत नाही. सीमेचा वाद महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आहे. त्याचा निर्णय न्यायासनाने द्यावयाचा आहे आणि त्यासाठी आपला आग्रह अभंग ठेवता येतो. परंतु त्या निर्णयाची वाट पाहत एका मुलाची पंचविशी थांबवून ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही. भाषेची सक्ती नको, असे सरकारला ठणकावून सांगा. आणि घरात मुलाला सांगा की, बाबा, एक भाषा अधिक शिकलास तर एक दार अधिक उघडेल. या दोन गोष्टींत विसंगती नाही. उलट ज्याला दोन्ही भाषा येतात तोच पहिल्या मागणीचा अर्ज नीट लिहू शकतो.

मुलींच्या वाटेवर हे सर्व धोंडे आहेत आणि वर आणखी काही आहेत. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलींपैकी कितीजणी पाच वर्षांनी पगारपत्रकावर दिसतात, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या जुन्या हजेरीपटावरून पाहावे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून राज्यातील स्त्रियांना मोफत प्रवास मिळू लागला. भाड्याची अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु कारखान्याची पाळी सुटल्यावर गावी जाणारी गाडी आहे काय, थांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे काय, कामाच्या जागी स्वच्छ शौचालय आहे काय, हे प्रश्न उरतातच. मुलगी नोकरी करीत नाही असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तिला घरी आणणारी शेवटची गाडीच नसते.

सरकारांनी काही केलेच नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने युवानिधी योजनेखाली नव्या बेकार पदवीधरास दरमहा तीन हजार आणि पदविकाधारकास दीड हजार रुपये, अधिकात अधिक दोन वर्षे, देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी महाराष्ट्राने सहा महिन्यांच्या कार्यप्रशिक्षणाची योजना आणली आणि बारावी उत्तीर्णास सहा हजार, आयटीआय अथवा पदविकाधारकास आठ हजार व पदवीधरास दहा हजार असे मासिक विद्यावेतन ठरविले. केंद्रानेही २०२४ च्या अर्थसंकल्पात मोठ्या कंपन्यांतील अनुभवाची योजना जाहीर केली. भत्त्याने थांबणे सुसह्य होते, प्रशिक्षणाने थांबणे थोडे उपयोगी होते. परंतु सहा महिने संपल्यावर सातव्या महिन्यात काय, याचे उत्तर ज्या योजनेत नाही ती योजना अर्ध्या पुलासारखी आहे.

मग आपण काय करावयाचे? सर्व धोंडे आपल्याला हलविता येणार नाहीत. परीक्षांचे वेळापत्रक, सैन्याचे नियम, राज्यभाषेची अट हे राजधान्यांतून ठरते. त्यासाठी प्रतिनिधींना जाब विचारीत राहावे लागेल. परंतु तीन गोष्टी अशा आहेत की, ज्यांसाठी बंगळूरची, मुंबईची किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही.

पहिली गोष्ट कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी करावी. कायद्याने सांगितलेले शिकाऊ उमेदवार त्यांनी खरोखर घ्यावेत आणि त्यांना झाडलोटीला न लावता यंत्रावर लावावे. ज्यांच्याकडे तीसपेक्षा कमी माणसे आहेत त्यांनीही एक तरी मुलगा किंवा मुलगी घ्यावी. जाहिरातीतून 'अनुभव आवश्यक' हे शब्द निदान पहिल्या पायरीच्या जागांपुरते खोडावेत.

दुसरी गोष्ट वाचनालयांनी, तरुण मंडळांनी आणि शाळांनी करावी. गणेशोत्सवात आपली मंडळे जी शिस्त आणि जो उत्साह दाखवितात, त्याचा दहावा हिस्सा पुरेल. आठवड्यातून एक सायंकाळ मंडळाच्या खोलीत एक टेबल मांडा. दोन्ही राज्यांच्या आणि केंद्राच्या जाहिराती तेथे लावा. कोणता दाखला कोठे मिळतो त्याचा तक्ता भिंतीवर लिहा. निवृत्त कारकुनाला, शिक्षकाला, बँकेतील अधिकाऱ्याला तेथे बसवून मुलांचे अर्ज तपासून घ्या. कन्नडचा वर्ग, इंग्रजी संभाषणाचा वर्ग तेथेच भरवा. पैसे घेऊन नोकरी लावून देण्याचे आमिष दाखविणारे भामटे अशा टेबलापासून आपोआप दूर पळतात, कारण त्यांचा धंदा अज्ञानावर चालतो.

तिसरी गोष्ट आईबापांनी करावी. मुलाला 'किती दिवस झाले?' असे विचारण्याऐवजी 'आज काय शिकलास?' असे विचारावे. परीक्षेच्या तयारीला मुदत अवश्य द्यावी, परंतु ती आरंभीच ठरवावी. दोन प्रयत्न किंवा तीन, आणि त्याबरोबर हातात दुसरे एखादे कसब. मुदत संपल्यावर मुलगा कारखान्यात गेला, दुकानात उभा राहिला किंवा रिक्षा चालवू लागला, तर त्याला हरलेला म्हणू नये. जो स्वतःच्या कमाईचे चार पैसे घरी आणतो त्याला हरलेला म्हणणारा समाज स्वतःच हरलेला असतो.

तरुण मित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्ही आळशी आहात असे आम्ही मानीत नाही. तुमच्या वाटेवर जे धोंडे आहेत ते तुम्ही टाकलेले नाहीत, त्यांतील कित्येक तर तुमच्या जन्मापूर्वीचे आहेत. परंतु वाट तुमची आहे आणि वय तुमचे आहे. ते कोणाच्याही आश्वासनावर, कोणाच्याही निकालावर, कोणाच्याही वशिल्यावर गहाण टाकू नका. वाट पाहावी लागेल तेथे पाहा. परंतु त्या काळात हात रिकामे ठेवू नका. आणि ज्यांना काम मिळाले आहे त्यांनी एवढे करावे: मागे उभ्या असलेल्या एका मुलाचा अर्ज दर वर्षी वाचून द्यावा, एका मुलीला मुलाखतीची तयारी करून द्यावी. येत्या आठवड्यात आपापल्या मंडळात ते टेबल मांडले गेले, तर आजची ही सभा सार्थकी लागली असे आम्ही समजू.